याबेकेचे घर पाहायला निघालेल्या विद्यार्थिनीस

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

बेल्जियममधल्या गेंट शहरातल्या चित्रकलेच्या अभ्यासात तू आता रुळली आहेस आणि सुट्टीत ब्रुज पाहायला जाणार आहेस, हे वाचून आनंद झाला. ब्रुजहून ऑस्टेंडकडे जाताना याबेके नावाचे गाव लागते. चित्रकार आणि शिल्पकार कॉन्स्टंट पेर्मेके याने तिथे बांधवून घेतलेले घर आज त्याच्याच कामाचे छोटे संग्रहालय झाले आहे. ब्रुजसाठी राखलेल्या वेळातला एक दिवस या घराला द्यावास, असा माझा आग्रह आहे. मोठ्या संग्रहालयांत आपल्याला दालनामागून दालन ओलांडत जाण्याची सवय लागते आणि ती सवय अशा घरात आपले नुकसान करते, म्हणून आधीच थोडे सविस्तर लिहितो.

पोहोचताच आत शिरू नकोस. आधी घराभोवती एक सावकाश फेरी मार. पियेर व्हान्डरव्हूर्ट या वास्तुरचनाकाराच्या आराखड्यानुसार १९२९ च्या सुमारास ते उभे राहिले. नक्षीकाम नाही, जुन्या फ्लेमिश, म्हणजे उत्तर बेल्जियमकडच्या, घरांची आठवण करून देणारे काही नाही. सरळ रेषा आणि मोकळ्या भिंती आहेत. चार बाजू चार दिशांना असल्याने पेर्मेकेने त्याचे नाव ‘चार वारे’ असे ठेवले. तो सगळा मुलूख सपाट आहे आणि समुद्र जवळ असल्यामुळे वाऱ्याला अडवणारे फारसे काही नाही. चिखलात रुतलेली, जाडजूड हातापायांची शेतकरी माणसे रंगवणारा हा चित्रकार एखाद्या जुन्या शेतघरात राहत असेल, अशीच आपली कल्पना असते. त्याने मात्र स्वतःसाठी त्या काळातले अगदी नव्या वळणाचे घर निवडले. ही गोष्ट बाहेर उभी असतानाच मनात पक्की कर, कारण आतली चित्रे समजून घेताना तिचाच उपयोग होणार आहे.

त्याचे आयुष्य थोडक्यात सांगतो. जन्म १८८६ चा, अँटवर्पचा. वाढला ऑस्टेंडच्या किनाऱ्यावर. वडीलही चित्रकार होते. तरुणपणी तो गेंटजवळच्या सिंट-मार्टेन्स-लाटेम या गावी राहिला, आणि गुस्ताव द स्मेट व फ्रिट्स व्हान डेन बर्घ या चित्रकारांसह त्याचे नाव फ्लेमिश अभिव्यक्तिवादाशी, म्हणजे भावना पोहोचवण्यासाठी आकार आणि रंग मुद्दाम ताणणाऱ्या चित्रपद्धतीशी, कायमचे जोडले गेले. १९१४ च्या युद्धात तो सैनिक म्हणून जखमी झाला आणि त्याला इंग्लंडला हलवण्यात आले. परक्या देशात असताना, १९१६ साली, त्याने ‘परका’ हे मोठे चित्र रंगवले. १९१९ मध्ये मायदेशी परतल्यावर त्याने ऑस्टेंडच्या कोळी वस्तीतली माणसे रंगवली; १९२३ चे ‘वाग्दत्त’ हे त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध. ‘परका’ आणि ‘वाग्दत्त’ दोन्ही ब्रुसेल्सच्या राजेशाही संग्रहालयात आहेत. शक्य असेल तर याबेकेला जाण्यापूर्वी ती पाहून घे.

याबेकेला आल्यावर कोळ्यांच्या जागी शेतकरी आले आणि माझ्या मते त्याच्या चित्रांत एक नवा प्रश्नही आला. ऑस्टेंडला तो कोळ्यांच्या शेजारातला होता. इथे तो स्वतःच्या मनासारख्या बांधलेल्या, प्रशस्त घराचा धनी होता आणि ज्यांना तो रंगवत होता ती माणसे बाहेर नांगर धरून होती. चित्रकार आणि त्याचा विषय यांच्यामधले हे अंतर त्याने लपवले नाही, आणि त्याबद्दल मला त्याच्याविषयी फार आदर वाटतो. शेतकऱ्याची कीव करणारे किंवा त्याला गोंडस करून दाखवणारे त्याचे एकही चित्र माझ्या पाहण्यात नाही. माणसे चौकटीत मावत नाहीत इतकी मोठी होतात, त्यांची डोकी लहान आणि पावले अवाढव्य होतात, आणि ती आपल्याकडे काही मागत नाहीत. आपल्याकडेही शहरातल्या चित्रकारांनी खेड्यातली माणसे पुष्कळ रंगवली आहेत. त्यांतली किती चित्रे त्या माणसांना असे स्वतंत्र उभे राहू देतात, याचा विचार तू तिथे उभी असताना जरूर कर. तुझ्या स्वतःच्या गावाकडच्या चित्रमालिकेलाही हा प्रश्न लागू आहे, आणि तो टाळून ती पुढे जाईल असे मला वाटत नाही.

चित्रांसमोर गेल्यावर तीन-चारच निवड आणि प्रत्येकासमोर अर्धा तास तरी थांब. सुरुवात मोठ्या रेखाटनांपासून कर. पेर्मेकेने कोळशाचे काम तैलचित्राची पूर्वतयारी म्हणून बाजूला ठेवले नाही. कोळशाची रेषा आणि तैलरंग एकाच पृष्ठभागावर एकत्र नांदू दिले. खांद्याची किंवा मांडीची बाह्यरेषा कुठे पुन्हा ओढली आहे, कुठे पुसून जागा बदलली आहे, हे शोध. रंग बहुतेक मातीचे आहेत: तपकिरी, काळपट, गेरूच्या जवळ जाणारे. पहिल्या दहा मिनिटांत ते सगळे एकसारखेच वाटतील. डोळा सरावला की त्यांतले उबदार आणि थंड वेगळे होऊ लागतील. स्केचबुकमध्ये पूर्ण आकृती उतरवू नकोस, फक्त हात आणि पावले उतरव, आणि शरीराचे वजन नेमके कुठे पडते आहे ते रेषेने पकडण्याचा प्रयत्न कर. तुझ्या लाइफ ड्रॉइंगमध्ये प्रमाण बिनचूक असते, पण माणूस जमिनीवर उभा आहे असे दर वेळी वाटत नाही. त्यावर इतका चांगला धडा दुसरीकडे क्वचितच मिळेल.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेव. अभिव्यक्तिवाद आपल्याकडे पोहोचला तो प्रामुख्याने मध्य युरोपातून. व्हिएन्नाहून मुंबईत आलेल्या वॉल्टर लँगहॅमर या चित्रकाराने तरुण चित्रकारांना दिलेले प्रोत्साहन आणि १९४७ सालच्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप या मुंबईतल्या चित्रकारांच्या गटातल्या फ्रान्सिस न्यूटन सूझांची धारदार, संतप्त रेषा, यांतून आपली त्याविषयीची समज घडली. त्यामुळे हा शब्द ऐकताच आपण भडक रंग आणि अस्वस्थ शहर शोधू लागतो. याबेकेत ते सापडणार नाही. इथली तीव्रता संथ आणि जड आहे, आणि ती रंगाच्या किंकाळीतून येत नाही, आकाराच्या भारातून येते. ही तीव्रता सूझांच्या रेषेहून कमी की अधिक, अशी तुलना करत बसू नकोस.

मग बागेत जा. पेर्मेके शिल्पाकडे वळला तो पन्नाशीच्या आसपास, आणि त्याच्या चित्रांतले वजन पाहिल्यावर हे वळण किती स्वाभाविक होते ते कळते. ‘नायोबी’ (ग्रीक पुराणकथेतली, मुले गमावलेली आई) हे शिल्प सगळ्या बाजूंनी पाहा. त्याच्या शेवटच्या वर्षांत दुःख पुष्कळ होते. दुसऱ्या महायुद्धात जर्मन अंमलाखाली त्याच्या कलेवर ‘अधःपतित’ असा शिक्का बसला, १९४८ साली पत्नी मारिया गेली, आणि १९५२ मध्ये तो स्वतः ऑस्टेंड येथे वारला. हे माहीत असावे. मात्र प्रत्येक वाकलेल्या पाठीत त्याचे खासगी दुःख वाचू नकोस. शिल्पे पाहून झाल्यावर पुन्हा घरात जाऊन मघाचे एक रेखाटन परत पाहा. मोकळ्या हवेत घनाकार पाहून आलेल्या डोळ्याला त्याच रेषेत काहीतरी निराळे दिसते, हा माझा अनुभव आहे.

निघण्यापूर्वी घर कोणत्या दिवशी खुले आहे याची चौकशी कर, कारण लहान संग्रहालयांच्या वेळा मोठ्यांसारख्या नसतात. शक्य झाले तर त्याच आठवड्यात गेंटजवळच्या ड्यूर्ले गावी गुस्ताव द स्मेटचेही घर पाहून ये. १९४३ साली तो त्याच गावी वारला. एकाच चळवळीतल्या या दोघांची घरे इतकी वेगळी का, हे तुझ्या शब्दांत मला सविस्तर लिहून कळव, आणि हातापायांची रेखाटने पुसापुशी न करता, चुकलेल्या रेषांसकट पाठव.

तुझा शुभचिंतक,
सर