रिचार्ज मारायच्या आधी

मागच्या अंकात सहज लिहिलं की मोबाईलच्या रिचार्जबद्दल काही विचारायचं असेल तर कळवा, आणि पत्रं अशी आली की संपादक म्हणाले अख्खा कॉलम यालाच देऊन टाका. मी स्वतः लातूरला गंजगोलाईच्या जवळ बरीच वर्षं रिचार्जचं दुकान चालवलंय, दहाचा टॉपअप मारला की सात रुपये सत्तेचाळीस पैसे टॉकटाइम का पडतो यावरून रोज कुणाशी तरी वाद व्हायचा, त्यामुळं हा विषय माझ्या हातातला आहे. खाली जे दर दिलेत ते जुलै २०२४ ची दरवाढ आणि त्यानंतर २०२५ च्या सुरुवातीला झालेले बदल यातले आहेत. कंपन्या प्लॅन कधी काढतील कधी घालतील नेम नसतो, म्हणून पैसे भरायच्या दिवशी कंपनीच्या अॅपमध्ये एकदा बघून घ्या.

दादा, आमच्या घरात तीन मोबाईल, माझा, ह्यांचा आन पोरीचा. तिन्हीत २९९ चा मारतो. महिन्याचा म्हणून मारतो पण तारीख सारखी मागं मागं सरकायली, पगार व्हायच्या आधीच रिचार्ज संपायलाय. आमचंच गणित चुकायलंय का? – एक वाचक ताई, उदगीर

ताई, गणित तुमचं नाही चुकत, प्लॅनच २८ दिवसांचा आहे. वर्षाचे ३६५ भागिले २८ केलं की तेरा रिचार्ज होतात, बारा नाही. अधिक मास तीन वर्षांनी एकदा येतो, कंपन्यांचा दरवर्षी येतो, आणि त्यात वाण घेणारा जावई कंपनी असते.

आता तुमचा हिशोब बघू. २९९ चा जिओचा दीड जीबी रोजचा प्लॅन, २८ दिवस, म्हणजे दिवसाला १० रुपये ६८ पैसे. तोच दीड जीबी ८४ दिवसांसाठी ७९९ ला आहे, दिवसाला साडेनऊ रुपये. वर्षाला एका फोनमागं सव्वाचारशेच्या आसपास वाचतात, तीन फोनचे साडेबाराशे-तेराशे. एअरटेलला हा फरक जास्त मोठा आहे, तिथं दीड जीबीवाला २८ दिवसांचा ३४९ आणि ८४ दिवसांचा ८५९, म्हणजे तीनदा ३४९ मारण्यापेक्षा एकदाच मारला तर १८८ रुपये कमी. म्हणून कुणी विचारलं की कोणता स्वस्त, तर मी आधी किंमत भागिले दिवस करायला लावतो, मोबाईलमध्येच कॅल्क्युलेटर आहे की.

पण एकदम आठशे रुपये खिशातून काढणं सगळ्यांना प्रत्येक वेळी जमत नाही हे मला दुकानात बसून चांगलं कळलंय, लोक सोयाबीनचे पैसे आले की मोठा मारायचे आणि उन्हाळ्यात परत छोट्यावर यायचे, त्यात काही चुकीचं नाही. फक्त तारीख सरकण्याचाच त्रास असेल तर त्यावर उपाय आहे. ट्राय म्हणजे मोबाईल कंपन्यांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था, तिने २०२२ मध्ये कंपन्यांना सांगितलं की ३० दिवसांचा एक आणि दर महिन्याला त्याच तारखेला येणारा एक असे प्लॅन ठेवायलाच पाहिजेत. जिओचा ३१९ वाला तसा आहे, दीड जीबी रोज, या महिन्याच्या पाच तारखेला मारला की पुढच्या पाचला. बारा वेळा मारून ३,८२८ होतात आणि २९९ तेरा वेळा मारून ३,८८७, म्हणजे तसा स्वस्तच पडतो. दुकानदार हा आपणहून सांगत नाहीत कारण सगळ्यांच्या तोंडात २९९ बसलंय.

आणि एक विचारायचं राहिलं, तिन्ही फोनला रोज दीड जीबी लागतो का हो? सेटिंगमध्ये डेटा युसेज असतं, महिनाभराचा आकडा बघा. रात्री बारा वाजले की उरलेला डेटा गेला, दुसऱ्या दिवशी जमा होत नाही. एखादा फोन नुसता व्हॉट्सअॅप आणि कॉलसाठी असेल तर एअरटेलच्या १९९ मध्ये २८ दिवसांना एकगठ्ठा २ जीबी येतो, जपून वापरला तर पुरतो. पोरगी अभ्यासाचे व्हिडिओ बघत असेल तर तिचा प्लॅन मोठा ठेवा आणि तुमचा लहान करा. घरात सगळ्यांचा एकच प्लॅन हवा हा नियम कुणी केलाय?

सर मी लातूरला क्लासला असते, गावी आले की लेक्चर बघायला बसते तर नुसतं गोल फिरायलंय. फोन फाइव्हजी आहे, वर फाइव्हजीचं चिन्ह पण येतं. भावाने स्पीड टेस्ट केली तर सकाळी ४० आला आणि रात्री २. महागाचा प्लॅन मारला तर स्पीड वाढेल का? – एक विद्यार्थिनी, अहमदपूर तालुका

नाही वाढणार. टॉवर तोच, गर्दी तीच, मग २९९ वाला आणि ८५९ वाला रात्री नऊ वाजता एकाच रांगेत उभे असतात. महागाच्या प्लॅनने डेटा वाढतो, स्पीड नाही. याला एकच अपवाद. जुलै २०२४ पासून जिओ आणि एअरटेल दोघांनीही अमर्याद फाइव्हजी फक्त रोज २ जीबी आणि त्यावरच्या प्लॅनला ठेवलंय, म्हणजे दीड जीबीवाल्याला ती मोकळीक मिळत नाही. जिओचा २ जीबीवाला २८ दिवसांचा ३४९ आणि ८४ दिवसांचा ८५९, एअरटेलचा ८४ दिवसांचा ९७९. पण घरात फाइव्हजी नीट येत असेल तरच या पैशाला अर्थ आहे, नुसतं चिन्ह दिसणं वेगळं आणि डेटा येणं वेगळं.

आता २ आणि ४० कशाचे? ते एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला किती मेगाबिट, त्यातला बी म्हणजे बिट, आणि आपण फाईल मोजतो ती बाइटमध्ये, आठ बिटांचा एक बाइट. म्हणून ४० चा स्पीड म्हणजे सेकंदाला ५ एमबी. लेक्चर ४८० वर बघायचं तर दीड-दोन एमबीपीएस सलग मिळाले तरी भागतं, तासाला साधारण अर्धा जीबी जातो. तुझा २ असाच सलग राहिला असता तर लेक्चर कसंबसं चाललं असतं, पण तो मधेच अर्ध्यावर येतो, परत वर जातो, आणि तेवढ्यात ते गोल फिरतं.

रात्री का पडतो, तर सगळं गाव जेवून रील बघायला बसतं. एवढंच नाही. कितीतरी खेड्यातल्या टॉवरला खालून फायबरची वायर नसते, दुसऱ्या टॉवरकडून हवेतून डेटा येतो, तो पाइपच बारीक असतो, मग टॉवरवर फाइव्हजी लावलं काय आणि नाही काय. वरून लाईट गेली आणि बॅटरी उतरली की टॉवर बसलाच, ते तर तुला सांगायला नको.

तिसरं म्हणजे तुमचं घर. पत्र्याचं असेल तर पत्रा सिग्नल अडवतो, अंगणात चार काड्या आणि आत एक. यात बँडचा, म्हणजे सिग्नल कुठल्या लहरीवर येतो त्याचा पण भाग आहे, ७००, ८५०, ९०० मेगाहर्ट्झवाली लहर लांब जाते आणि भिंतीतून आत शिरते पण स्पीडला बेताची, ३५०० वाली जोरात पळते पण लवकर दमते. जिओने फाइव्हजीसाठी ७०० आणि ३५०० दोन्ही घेतलेत, एअरटेलचं फाइव्हजी मुख्यतः ३५०० वर आहे. म्हणून शहरात जो जिंकतो तो तुझ्या वाडीत जिंकेलच असं नाही, आणि लातूरच्या मैत्रिणीचा सल्ला तिथं लागू होत नाही.

तू असं कर. शेजारीपाजारी तिन्ही-चारही कंपन्यांची सिमं असतातच, त्यांना घेऊन तू जिथं बसून अभ्यास करतेस तिथंच बस, अंगणात नाही. सकाळी सातला, दुपारी दोनला आणि रात्री नऊला टेस्ट कर, दोन दिवस, आणि रात्रीचा आकडा बघूनच कंपनी ठरव. ट्रायचं मायस्पीड अॅप त्यासाठी फुकट आहे. टेस्ट पण डेटा खाते हं, फाइव्हजीवर एका टेस्टला कधी कधी पाचशे एमबी जातात, शेजाऱ्याचा दीड जीबी संपवून त्यांची दुश्मनी घेऊ नकोस. एप्रिल २०२५ पासून कंपन्यांना आपापल्या वेबसाइटवर कव्हरेजचे नकाशे पण टाकावे लागतात, तेही बघ, पण नकाशाला तुझा पत्रा दिसत नाही.

तोपर्यंत लेक्चर सकाळी सहाला डाउनलोड करून ठेव. रोजचा कोटा संपला की स्पीड ६४ केबीपीएसवर येतो, त्यावर एक एमबीचा फोटो उघडायलाच दोन मिनिटं लागतात, अशा दिवशी जिओचा १९ चा एक जीबीवाला मारून भागतं, पण महिन्यात पाचदा मारायची वेळ आली तर मोठा प्लॅनच परवडतो.

वडील शेतातल्या आखाड्यावर राहतात, साधा बटणाचा फोन आहे. इंटरनेट काय असतं ते त्यांना माहीत नाही तरी डेटाचे पैसे भरायलोत. एकदा रिचार्ज केलाच नाही तर नंबर बंद पडला आणि पीएम किसानचा ओटीपी येईना गेला. – सेलू, जि. परभणी

भाऊ, तुमच्यासारख्यांसाठीच ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये नियम केला की फक्त कॉल आणि एसएमएसचा प्लॅन द्यावाच लागेल, आणि त्याची मुदत ९० दिवसांच्या पुढं ३६५ पर्यंत नेता येईल. कंपन्यांनी जानेवारीत आधी महाग लावले, मग थोडे उतरवले. एअरटेलचा ४६९ ला ८४ दिवस आणि १,८४९ ला वर्षभर, जिओचा ४४८ ला ८४ दिवस आणि १,७४८ ला ३३६ दिवस. नीट वाचा, जिओचा मोठा ३३६ दिवसांचा आहे, वर्षाचा नाही. दिवसाला ५ रुपये २० पैसे पडतो आणि एअरटेलचा वर्षाचा ५ रुपये ७ पैसे, म्हणजे जो वरवर शंभराने महाग दिसतो तोच स्वस्त निघाला.

पण त्याआधी फोन बघा. जिओला टूजी नाहीच, जुना टूजी बटणाचा फोन असेल तर त्यात जिओचं सिम चालणार नाही, फोरजीचा बटणवाला घ्यावा लागेल. जिओभारत फोन घेतला तर त्याला १२३ चा २८ दिवसांचा वेगळा प्लॅन आहे, पण तो त्याच फोनवर. बॅटरी मात्र जुन्या टूजीचीच चार दिवस टिकते, आखाड्यावर चार्जिंगची काय सोय आहे त्यावर ठरवा.

आणि नंबर सोडू नका. आधार, बँक, पीकविमा सगळं त्यालाच जोडलेलं असतं. तीन महिने काहीच वापर झाला नाही तर कंपनी नंबर बंद करू शकते, पुढं तो दुसऱ्या कुणाला मिळतो आणि तुमचे ओटीपी त्याच्या खिशात. मी दुकानात असताना असं झालेलं पाहिलंय, एका आजोबांच्या बँकेचे मेसेज वर्षभर एका अनोळखी पोराला जायलेत आणि तो पोरगा बिचारा प्रामाणिक म्हणून आम्हाला कळलं.

बीएसएनएल स्वस्त आहे म्हणतात, जावं का? – भोकरदन

जुलै २०२४ ला सगळ्यांनी दर वाढवले तेव्हा बीएसएनएलने वाढवले नाहीत, तेवढ्यासाठी लई जण गेले आणि फोरजी नसल्यामुळं कितीतरी जण परत आले. आता २७ सप्टेंबर २०२५ ला त्यांचं स्वदेशी फोरजी देशभर सुरू झालंय, ते ७०० आणि २१०० मेगाहर्ट्झवर चालतं. तुमच्या जुन्या फोनला ७०० वाला बँड, म्हणजे बँड २८, नसेल तर टॉवर शेजारी असून उपयोग नाही, आणि सिम पण फोरजीचं बदलून घ्यायला लागतं. गावात कुणाकडं चालत असेल तर त्याचा फोन हातात घेऊन बघा. मी दुसरं सिम म्हणून ठेवतो, एकमेव म्हणून नाही.

आम्ही ऊसतोडीला जातो. दिवाळी झाली की तिकडंच कोपीवर, झोपडीत. मागच्या साली गेलो तिथं आमच्या सिमला रेंजच नव्हती, पोरं गावाकडं आजीजवळ, बोलायला रस्त्यावर एक किलोमीटर चालत जायचो. दुकानदार म्हणला नवीन सिम घ्या. नंबर न बदलता होतं का? – धारूर, जि. बीड

होतं, माऊली. नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, पोर्ट म्हणतात त्याला. मेसेजमध्ये इंग्रजीत पोर्ट लिहायचं, एक जागा सोडून आपला दहा आकडी नंबर, आणि १९०० वर पाठवायचं. एक कोड येतो, तो चार दिवस चालतो, तेवढ्यात आधार घेऊन नवीन कंपनीच्या दुकानात जायचं. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात तीन कामाचे दिवस लागतात. जुनं सिम मेलं की नवीन घालायचं.

सिम त्या कंपनीत येऊन ९० दिवस झालेले पाहिजेत. सिम हरवून दुसरं काढलं असेल तर सात दिवस थांबावं लागतं, हा नियम १ जुलै २०२४ पासून. आणि जुन्या पॅकचे उरलेले दिवस बुडतात, नवीन कंपनी ते देत नाही, म्हणून पॅक संपायला चार-पाच दिवस असताना मेसेज टाका, ८४ दिवसांचा मारून दुसऱ्या आठवड्यात पोर्ट करू नका.

कुठल्या कंपनीत जायचं ते मात्र धारूरला बसून ठरवू नका. मुकादमाला विचारा फड कुठं पडणार, तिथं मागच्या साली गेलेल्या टोळीतल्या कुणालाही फोन करून विचारा कोणाच्या सिमला रेंज होती. कोल्हापूरकडं गेलात काय किंवा कर्नाटकात गेलात काय, अनलिमिटेड कॉलवाल्या पॅकला देशात रोमिंगचे वेगळे पैसे लागत नाहीत. हंगाम पाच महिन्यांचा धरला तर ८४ चे दोन मारले की १६८ दिवस झाले, सुरुवातीला उचल हातात असते तेव्हाच पहिला मारून टाका, तिकडं मोबाईलचं दुकान शोधायला कोण जाणार. रिचार्ज कंपनीच्या अॅपवरून नाहीतर दुकानातून करा, काही पेमेंट अॅप वरून दोन-तीन रुपये जास्त कापतात.

आणि दोघं नवराबायको जात असाल तर दोघांनीही एकाच कंपनीत जाऊ नका. एकाचं सिम एका कंपनीचं, दुसऱ्याचं दुसऱ्या. एकाला रेंज नसली तर दुसऱ्याला असते, आणि आजीकडं दोन्ही नंबर लिहून ठेवा, मोबाईलमध्ये नाही, भिंतीवर.