मोंबासाला पोहोचल्यानंतरचे पहिले दिवस

प्रिय ताई, सलाम.

येत्या जानेवारीत तुम्ही आणि तुमचे यजमान नाशिकहून मोंबासाजवळच्या एका ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, शाळेत वर्षभर सेवेसाठी येणार आहात, आणि निघण्यापूर्वी काय तयारी करावी, पहिला आठवडा कसा घालवावा व उपासनेत साक्ष देण्यास, म्हणजे आपल्या विश्वासाचा अनुभव सांगण्यास, केव्हा उभे राहावे, असे तुम्ही विचारले आहे. मी मूळचा नाशिकचाच असून चौदा वर्षांपासून केनियाच्या या किनाऱ्यावर राहतो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आधी कागदपत्रांचे पाहू. जानेवारी २०२४ पासून केनियाने व्हिसा बंद करून ई-टीए नावाची ऑनलाइन प्रवास परवानगी सुरू केली आहे. ती पाहुणे म्हणून येणाऱ्यांसाठी आहे. पगार घेत नसलात तरी तिच्यावर वर्षभर शाळेत शिकवता येत नाही. धर्मकार्य व सेवाकार्यासाठी ‘वर्ग आय’ हे वेगळे परमिट असते आणि त्याचा अर्ज तुम्हाला बोलावणाऱ्या मंडळीमार्फत व्हावा लागतो. ‘तिकडे गेल्यावर पाहू’ असे कोणी म्हणाले तर कृपया मानू नका, कारण उद्या अडचण आली तर तिची झळ तुमच्याइतकीच त्या मंडळीलाही बसेल. पीतज्वराची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्या. परतताना भारतात तिचे प्रमाणपत्र तपासतात आणि ते नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात.

हिवतापाकडे मात्र दुर्लक्ष करू नका. योहान लुडविग क्राफ हे मिशनरी १८४४ मध्ये मोंबासाला आले आणि काही महिन्यांतच त्यांची पत्नी व नुकतीच जन्मलेली मुलगी या दोघींना त्यांनी इथल्याच मातीत ठेवले. तुम्हाला आज प्रतिबंधक गोळ्या मिळतात. त्या कोणत्या व किती दिवस घ्यायच्या हे डॉक्टरांना विचारून ठरवा, आणि पहिल्या रात्रीपासून मच्छरदाणीत झोपा. जानेवारीत येथे कडक उकाडा असतो, म्हणून सुती आणि अंगभर कपडे आणा. २०१७ पासून येथे प्लास्टिकच्या पिशव्यांवर कडक बंदी आहे, तेव्हा सामान कापडी पिशव्यांत बांधा.

आता जे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते सांगतो. येथील स्वाहिली भाषा बोलणारे लोक घड्याळ सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे ‘साआ मोजा’, पहिला तास. सकाळचे नऊ म्हणजे ‘साआ तातू’, तिसरा तास. नव्या करारात वधस्तंभाच्या वृत्तांतातला सहावा तास म्हणजे दुपारचे बारा, हे आपण लहानपणी संडे स्कूलमध्ये शिकलेलो असतो. येथे ती मोजणी रोजच्या बोलण्यात जिवंत आहे. माझ्या पहिल्याच आठवड्यात एका विधवा बाईंनी मला त्यांच्या घरी प्रार्थनेसाठी ‘साआ तातू’ला बोलावले. ‘तातू’ म्हणजे तीन, एवढेच मला ठाऊक होते, म्हणून मी दुपारी तीनला गेलो. त्या माउलीने सकाळी नऊपासून शेजारणींना बसवून ठेवले होते, उगाली (मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा) आणि भाजी झाकून ठेवली होती आणि पाहुण्याआधी कोणीही घास घेतला नव्हता. एका शब्दानेही दोष न देता त्यांनी तांब्यातले कोमट पाणी माझ्या हातांवर ओतले. त्या सहा तासांची आठवण आजही मला सलते. कोणी वेळ सांगितली की ती सकाळची की दुपारची, आणि कोणत्या मोजणीने, हे दोनदा विचारून घ्या. त्यात कोणालाही राग येत नाही.

पहिल्या आठवड्यात कोणतेही काम अंगावर घेऊ नका, अशी माझी विनंती आहे. आपण काही देण्यासाठी आलो आहोत या भावनेने माणूस लगेच वर्ग घेऊ लागतो, मुलांना पेन आणि खाऊ वाटू लागतो, आणि मग दुसऱ्या दिवसापासून मुले त्याच्याकडे नव्हे, त्याच्या पिशवीकडे पाहतात. जे आणाल ते मुख्याध्यापकांच्या हाती द्या. सकाळी मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना ‘शिकामो’ (आदराचा नमस्कार) म्हणा, ते उत्तरादाखल ‘माराहाबा’ म्हणतील. बंधुभगिनी ‘ब्वाना असिफिवे’, म्हणजे ‘प्रभूची स्तुती असो’, म्हणाले की ‘आमेन’ म्हणा. भाषेची भीती बाळगू नका. ‘दुका’ म्हणजे दुकान, ‘गारी’ म्हणजे गाडी, ‘बिमा’ म्हणजे विमा आणि ‘लाकी’ म्हणजे लाख. हे शब्द आपल्याकडूनच समुद्र ओलांडून गेलेले आहेत.

तुम्हाला येथे ‘म्हिंदी’, म्हणजे हिंदुस्थानी माणूस, म्हणतील आणि दुकानदाराच्या घरातले समजतील. भारतीय माणूस ख्रिस्ती असतो याचे अनेकांना नवल वाटते. अशा वेळी नाशिकच्या शरणपूरचे नाव घ्या. ज्या शरणपूर रोडवरून तुम्ही रोज जाता, तेथे चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम सॉल्टर प्राइस यांच्या वसाहतीत गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुले शिकली. त्यांतले विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर १८६४ मध्ये मोंबासाजवळच्या राबाई गावातल्या मिशनमध्ये आले. जॉर्ज डेव्हिड हेही त्याच शाळेतले. पुढे प्राइस स्वतः १८७४ मध्ये मोंबासाला आले आणि दुसऱ्या वर्षी मुक्त गुलामांची वस्ती उभी राहिली. मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या नावावरून ती फ्रिअर टाउन झाली. १८८५ मध्ये बिशप हॅनिंग्टन यांनी जोन्स व सेमलर यांना डीकनपदाची, म्हणजे पाळकपदाच्या पहिल्या पायरीची, दीक्षा दिली. म्हणजे नाशिकने या किनाऱ्याला सुवार्तेचे सेवक दिले, पण ते सेवक आफ्रिकेचेच पुत्र होते. म्हणून आपण येथे कोणाला पहिल्यांदा काही शिकवायला येत नाही. ज्या घरात दीडशे वर्षांपूर्वी दिवा लागला, त्या घरी आपण पाहुणे म्हणून येतो.

पहिल्या रविवारी पाहुण्यांना उभे करून ओळख विचारतील. उपासना दोन-तीन तास चालते, म्हणून नाश्ता करून जा, पण त्या दिवशी साक्ष देऊ नका. नाव, गाव आणि आपल्या मंडळीचा सलाम एवढेच सांगून बसा. साक्ष महिनाभरानंतर, पाळकसाहेब बोलावतील तेव्हा द्या, आणि शक्य झाल्यास तिचे पहिले वाक्य स्वाहिलीत बोला. त्याआधी एका दुपारी मोंबासातल्या केंगेलेनी भागात जाऊन फ्रिअर टाउनची घंटा पाहून या. गुलाम पकडणाऱ्यांची जहाजे दिसली की ती वाजवून वस्तीला सावध करीत. घंटेला स्वाहिलीत ‘केंगेले’ म्हणतात, त्यावरून त्या भागाचे नाव पडले.

नैरोबीला विमान रात्री उतरत असेल तर ती रात्र तेथेच थांबा आणि दिवसाच्या रेल्वेने मोंबासाला या. गाडीची तारीख व वेळ कळवा. मी स्टेशनवर येईन.