शेतकऱ्यांची ऑनलाइन आंदोलनं डावी असतात की उजवी? खेड्यात त्यांचा काही उपयोग होतो का?

यवतमाळ जिल्ह्यात माझं वावर (शेत) आहे, कापूस-तूर घेतो. इथून जसं दिसतं तसं सांगतो.

झेंड्याचा रंग सोडा, मागणी वाचा. सरकारनं मध्ये पडावं असं म्हणणं आहे (ते डावं), की सरकारनं बाजूला व्हावं असं (ते उजवं)? किसान सभेचं म्हणणं पहिलं: हमीभावाचा कायदा करा, कसणाऱ्याच्या नावावर वनजमीन करा. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेची मांडणी दुसरी: ‘भीक नको, हवे घामाचे दाम’, बाजार मोकळा करा, तंत्रज्ञान अडवू नका. म्हणूनच 2020 मध्ये बाजार मोकळा करणारे तीन कृषी कायदे आले तेव्हा ते रद्द व्हावेत म्हणून शेतकरी दिल्लीच्या सीमेवर बसले होते आणि संघटनेची माणसं इकडे त्याच कायद्यांची बाजू मांडत होती. आमच्या गावच्या ग्रुपवर दोन्हीकडचे व्हिडिओ यायचे, बरेचदा एकाच माणसाकडून.

त्या माणसाला विचार नाही असं समजू नका. 2021-22 ला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 6,025 रुपये होता आणि बाजारात दहा हजारांच्या वर भाव गेला. तेव्हा सीसीआयच्या, म्हणजे हमीभावानं कापूस घेणाऱ्या सरकारी महामंडळाच्या, केंद्राकडे कोणी फिरकलं नाही. 2025 च्या ऑगस्टमध्ये केंद्रानं कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क काढलं, खासगी भाव 8,110 च्या हमीभावाखाली राहिला, आणि तोच माणूस सीसीआयला कापूस द्यायचा म्हणून मोबाइलवर नोंदणी करत बसला. दोन्ही वेळी त्याचं बरोबरच होतं.

आता उपयोगाचं. फोनवरची चळवळ वावरापर्यंत आली तर लोक तिला मानतात. 10 जून 2019 ला अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेनं बंदी असलेलं एचटीबीटी, म्हणजे तणनाशक सहन करणारं, कापसाचं बियाणं जाहीरपणे पेरलं. गावोगाव हे ‘चोर बीटी’ आधीपासून पेरलं जातच होतं. कारण साधं आहे. आषाढात पाऊस लागून राहिला की पऱ्हाटीत (कापसात) तण माजतं, ओल्या वावरात तण काढायचा डवरा चालत नाही, निंदायला बाया मिळत नाहीत. बियाणं तणनाशक सहन करणारं असलं की फवारून मोकळं होता येतं. चोरून चालणारी गोष्ट उघड केली, तीही कायदा मोडतोय असं सांगून. मला त्याचं मोल वाटतं.

दुसरं उदाहरण किसानपुत्र आंदोलनाचं. आमच्याच जिल्ह्यातल्या चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी 19 मार्च 1986 ला पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपवलं. 2017 पासून त्या तारखेला लोक एक दिवस अन्नत्याग करतात. निरोप फोनवर फिरतो, पण उपाशी स्वतःला राहावं लागतं, म्हणून पुण्या-मुंबईत नोकरीला गेलेली शेतकऱ्यांची पोरंही यात येतात. मागणी नेमकी आहे: सीलिंग (शेतजमिनीवरची कमाल मर्यादा), आवश्यक वस्तू आणि जमीन अधिग्रहण हे कायदे रद्द करा. सीलिंगबद्दल माझं मत वेगळं आहे, गावात भूमिहीन घरं थोडी नाहीत. तरी त्या दिवशी मी जेवत नाही.

एक गोष्ट मात्र मला फार खुपते. निंदणाऱ्या बाया या ग्रुपांत नसतात. चोर बीटीनं माझा जो खर्च वाचतो, ती त्यांची पावसाळ्यातली रोजी असते. महिला किसान अधिकार मंच, म्हणजे मकाम, विदर्भात शेतकरी विधवांच्या हक्कांचं काम करतो. त्यांचं म्हणणं मी ग्रुपवर टाकलं की खाली कोणी काही लिहीत नाही. निंदण गेल्यावर या बायांनी काय करायचं, हे मी दोन्हीकडच्या कार्यकर्त्यांना विचारतो. एक रोजगार हमीचं नाव घेतो, दुसरा म्हणतो शेती परवडली की मजुरी वाढेलच. मला दोन्ही उत्तरं अपुरी वाटतात. तुमच्या ओळखीत चळवळीतलं कोणी असेल तर त्यांनाही विचारा आणि इथे लिहा.