‘तुझं तारण कधी झालं?’ : लेकीला पत्र

प्रिय बाळा,

परवा फोनवर तू जे विचारलंस ते दोन वाक्यांत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून निवांत लिहायला बसले आहे. तुझ्या रूममेटने तिच्या चर्चमधल्या मुलींसमोर तुला विचारलं, ‘तुझं तारण कधी झालं?’, म्हणजे येशूने तुला पापातून कधी सोडवलं? तुला तारीख सांगता येईना. ‘आम्ही कोल्हापूरचे, पणजोबांपासून ख्रिस्ती’ असं तू म्हणालीस, तर ती म्हणाली की जन्माने कुणी ख्रिस्ती होत नसतं. मग तू मला विचारलंस, आपल्याकडे असं का विचारत नाहीत? आपलं तारण झालेलं नाही का? आणि फोन ठेवता ठेवता, आज्जीच्या शेजारच्या काकूंचं काय, त्या तर दर शुक्रवारी अंबाबाईला जातात?

आधी तुझ्या मैत्रिणीविषयी. तिने तुला कमी लेखलं असं मनात धरू नकोस. ती बॅप्टिस्ट घरातली आहे आणि त्यांच्याकडे हा प्रश्न मायेपोटी विचारतात. ख्रिस्ती आईबापांच्या पोटी जन्मलेल्या मुलीनेही एक दिवस स्वतः पाप कबूल करून येशूला आपला प्रभू म्हणायचं, आणि मगच पाण्यात बुडवून बाप्तिस्मा घ्यायचा, ही त्यांची रीत. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात येशू निकदेमाला नव्याने जन्मायला सांगतो, ते वचन त्यांच्या घराघरात पाठ असतं. तो दिवस पुष्कळांना तारीखवार आठवतो. एकदा मिळालेलं तारण जात नाही, असं बहुतेक बॅप्टिस्ट मानतात. मेथॉडिस्टांना विचारशील तर ते सांगतील की माणूस देवाकडे पाठ फिरवून ते गमावूही शकतो. पेंटेकॉस्टल मंडळीत, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, गेलीस तर ते पुढे पवित्र आत्म्याच्या बाप्तिस्म्याविषयी, म्हणजे देवाच्या आत्म्याने भरून जाण्याच्या अनुभवाविषयी, विचारतील. म्हणजे तारीख सांगणाऱ्यांचंही आपसात सगळं जुळतं असं नाही.

आता आपलं. कोल्हापुरात रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ साली आले. त्यांचं काम पुढे प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेलं, आणि आपल्या पणजोबांना सुवार्ता, म्हणजे येशूचा संदेश, कळली ती त्या मिशनच्या शाळेत. प्रेस्बिटेरियन लोक तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देतात. पाण्याने आपोआप तारण होतं असं त्यांचं म्हणणं नाही. बाळाला काही कळायच्या आत, त्याने काहीही करायच्या आत देवाची कृपा त्याच्याकडे आलेली असते, ही त्यामागची श्रद्धा. मंडळीसमोर आईबाप वचन देतात, मंडळीही देते. मूल जाणतं झालं की तोच विश्वास स्वतःच्या तोंडाने कबूल करतं आणि प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीतल्या भाकरी-द्राक्षारसाच्या विधीला, बसतं. तुझा बाप्तिस्मा कोल्हापुरातच झाला, आज्जीच्या मांडीवर, आणि इथे आल्यावर तू उभी राहून कबुली दिलीस. त्या दोन्ही दिवसांत काही कमी नव्हतं.

वाइल्डरांचा मुलगा रॉबर्ट १८६३ साली कोल्हापुरात जन्मला. १८८६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट हर्मनच्या विद्यार्थी शिबिरातून जी स्वयंसेवक चळवळ निघाली, जिच्यामुळे हजारो अमेरिकन तरुण मिशनकार्यासाठी परदेशी गेले, तिच्या उभारणीत तो पुढे होता. तुझ्या मैत्रिणीच्या चर्चमध्ये जगभर सुवार्ता नेण्याची जी कळकळ दिसते, तिच्या इतिहासात आपल्या गावात जन्मलेला माणूस आहे. तिला हे जरूर सांग, तिला आवडेल.

आपल्याकडे कुणी थेट ‘तुझं तारण झालं का’ असं विचारत नाही हे तुझं निरीक्षण बरोबर आहे. पण म्हणून तो विषयच नसतो असं नाही. घरगुती प्रार्थनासभेत आज्जी साक्ष द्यायला उभी राहते तेव्हा त्याविषयीच बोलते. कुठल्या आजारात, कुठल्या कर्जात, कुठल्या रागाच्या भरात प्रभूने तिला धरून ठेवलं, ते सांगते. तिच्या साक्षीत एक तारीख नसते, पुष्कळ असतात. श्रद्धा नव्याने जागवणाऱ्या उज्जीवन सभांमध्ये पुढे जाऊन आयुष्य अर्पण केलेले लोकही कोल्हापुरात आहेत, तुझ्या आत्याच्याच फेलोशिपमध्ये कितीतरी. दोघी एकाच घरात नाताळच्या करंज्या करतात.

यात मला सगळ्यात जवळची वाटते ती पंडिता रमाबाईंची गोष्ट. संस्कृत शास्त्रं कोळून प्यायलेली ही बाई. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नंतर काही वर्षांनी त्यांनी लिहिलं की मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण खुद्द ख्रिस्त अजून मिळाला नव्हता. तो त्यांना पुढे भेटला आणि मनाला शांती आली. तुझ्या मैत्रिणीला हे ऐकून आपलंच म्हणणं खरं वाटेल, आणि त्यात तथ्य आहे. इंग्लंडात मेथॉडिस्ट पंथ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लींना तर धर्मगुरू होऊन किती वर्षं झाल्यावर, २४ मे १७३८ ला, लंडनच्या एका छोट्या सभेत ख्रिस्ताने आपल्याला तारलं आहे ही ऊब मनाला जाणवली. पण रमाबाईंनी पुढे काय केलं तेही बघ. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य भारतातून शेकडो मुली आणि विधवा त्यांनी आणल्या, केडगावला त्यांना अन्न, अक्षर आणि हाताला काम दिलं. त्या जागेचं नावच मुक्ती. १९०५ मध्ये तिथल्या मुली मोठमोठ्याने रडत प्रार्थना करू लागल्या, त्या उज्जीवनाची चर्चा जगभर झाली. आत्म्याचं तारण आणि उपाशी मुलीच्या पोटात भाकरी, या दोन गोष्टी रमाबाईंनी कधी वेगळ्या केल्या नाहीत. मला विचारशील तर मराठी ख्रिस्ती माणसाला तारणाविषयी जे सांगायचं आहे ते त्यांच्या आयुष्यात आहे.

आणि लक्ष्मीबाई टिळक. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. त्यांचं मन बदललं ते हळूहळू. सोवळंओवळं सैल होत गेलं, जात देवाने केलेली नाही हे मनोमन पटलं, कुणाच्याही हातचं खायची तयारी झाली, आणि मग बाप्तिस्मा. त्यांच्या बाबतीत तारणाने आधी स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडला.

कॅथलिकांचं तू विचारलं नाहीस, पण आज्जीच्या मैत्रिणीमुळे तुला त्यांची थोडी माहिती आहे. त्यांच्या शिकवणीत तारण बाप्तिस्म्याने सुरू होतं आणि मिस्सा (त्यांची उपासना), पापनिवेदन, दानधर्म, प्रार्थना यांतून कृपेच्या बळावर आयुष्यभर वाढत जातं. मरणानंतरही शुद्ध होण्याची अवस्था आहे असं ते मानतात. ‘तारण झालं का’ याला आज्जीची ती मैत्रीण म्हणेल, ‘झालंय, होतंय आणि होईल अशी आशा आहे.’ बायबलमध्ये तिन्हीला आधार आहे. विश्वासाच्या द्वारे कृपेने तुमचं तारण झालेलं आहे, हे पौलच इफिसकरांना लिहितो. भीत कापत आपलं तारण साधून घ्या, हेही तोच फिलिप्पैकरांना लिहितो. आणि कृतीवाचून विश्वास निर्जीव, हे याकोबाचं म्हणणं. या वाक्यांवरून सोळाव्या शतकात युरोप दुभंगला. ३१ ऑक्टोबर १९९९ ला जर्मनीत आउग्सबुर्गला लुथरन आणि कॅथलिक यांनी एकत्र सही करून सांगितलं की आपण देवाला स्वीकार्य ठरतो ते केवळ कृपेने, आपल्या पुण्याईने नव्हे, आणि ती कृपाच आपल्याला सत्कृत्यांसाठी बळ देते. पुढे २००६ मध्ये मेथॉडिस्ट आणि २०१७ मध्ये प्रेस्बिटेरियन ज्यांत मोडतात ते आपले रिफॉर्म्ड लोकही त्यात सामील झाले. सगळे मतभेद मिटले नाहीत, पण एवढी वर्षं एकमेकांना शाप दिल्यावर ही गोष्ट लहान नाही.

आपल्या इमारतीतले मल्याळी ऑर्थोडॉक्स काका याहून वेगळं बोलतील. त्यांच्याकडे पापाची शिक्षा माफ होण्यापेक्षा मरणावर विजय आणि देवाच्या जीवनात सहभागी होणं यावर भर असतो. मुक्तिफौजेचे (साल्व्हेशन आर्मीचे) लोक तर बाप्तिस्मा आणि प्रभुभोजनाचे विधीच करत नाहीत, आणि तरी त्यांच्याइतकं तारणाविषयी बोलणारं दुसरं कुणी सापडणार नाही.

तुला २०१९ चा महापूर आठवतो ना? शिरोळच्या आत्याला बोटीतून बाहेर काढलं ती दुपार ती कधी विसरणार नाही. पण घरातला चिखल उपसणं, भिंती वाळणं, पुन्हा चूल पेटणं याला महिने लागले. काही ख्रिस्ती लोक तारण म्हणताना बोटीच्या दुपारविषयी बोलतात, काही नंतरच्या महिन्यांविषयी. आत्यासाठी दोन्ही खरंच होतं.

आता अंबाबाईला जाणाऱ्या शेजारच्या काकू. तुझ्या मैत्रिणीचं चर्च म्हणेल, येशूवर विश्वास ठेवल्याशिवाय कुणाचं तारण नाही, आणि ते योहान १४:६ दाखवतील, जिथे येशू म्हणतो की माझ्याद्वारे आल्यावाचून पित्याकडे कुणी येत नाही. ते वचन मी पुसून टाकू शकत नाही, टाकायचंही नाही. कॅथलिक चर्चने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, १९६४ साली, असं म्हटलं की स्वतःच्या दोषाशिवाय ज्यांना ख्रिस्त कळला नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात आणि सदसद्विवेकाप्रमाणे वागतात, त्यांचंही तारण होऊ शकतं. प्रोटेस्टंटांत यावर एकमत नाही.

माझं ऐकशील तर, ज्याचं तारण होतं ते ख्रिस्तामुळेच होतं असं मी मानते, पण तो कुणाकुणाला तारतो याची यादी त्याने माझ्या हातात दिलेली नाही. येशूच्या शेजारच्या वधस्तंभावरच्या चोराला बाप्तिस्मा मिळाला नाही, मंडळी मिळाली नाही, एक चांगलं काम करायला वेळ मिळाला नाही, आणि येशू त्याला म्हणाला, आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील. पुरानंतर आत्या आज्जीकडे राहिली तेव्हा काकू रोज सकाळी भाकरीचा डबा आणून देत. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात राजा ज्यांना जवळ घेतो, त्यांना आपण त्याला खाऊ घातलं हे ठाऊकही नसतं. तो अध्याय वाचताना मला काकू दिसतात. त्यांच्यासाठी मी प्रार्थना करते, येशूविषयी त्यांच्याशी बोलायला लाजत नाही, आणि त्यांना नरकात पाठवण्याचा अधिकार मी स्वतःकडे घेत नाही.

पुढच्या वेळी मैत्रिणीने विचारलं तर खोटी तारीख बनवून सांगू नकोस आणि चिडूही नकोस. ‘मी येशूवर विश्वास ठेवते, तोच माझा तारणारा आहे, तो कधीपासून माझ्याबरोबर आहे ते मला सांगता येत नाही’ इतकं म्हण. पण तो विश्वास तुझा आहे की नुसता आमचा, हे मात्र तू एकटी असताना स्वतःला विचार. हा प्रश्न तिने तुला दिला आहे आणि तो चांगला आहे. १९७० साली नागपूरला सहा मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं तेव्हा त्यात बॅप्टिस्टही होते, आणि बाळपणीचा आणि मोठेपणीचा, दोन्ही बाप्तिस्मे एका चर्चमध्ये मान्य झाले. तेव्हा तुम्ही दोघीही एका खोलीत राहू शकाल.

शनिवारी आज्जीला फोन करून तिची साक्ष विचार. रविवारी करू नकोस, उपासनेनंतर तिची प्रार्थनासभा असते आणि ती घाईत असते.

तुझी,
आई