फुजीफिल्मच्या जीएफएक्स (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ॲडॅप्टर लावून जुन्या निकॉन लेन्स चालतील का? बेळगाव परिसरात फोटो काढायचे आहेत.

चालतील, पण सगळ्याच पूर्ण सेन्सर झाकणार नाहीत. जीएफएक्सचा सेन्सर 43.8 × 32.9 मिमी, म्हणजे कर्ण जवळपास 55. फुल फ्रेम (म्हणजे 35 मिमी फिल्मच्या मापाची) लेन्स बनते 43 मिमी कर्णासाठी, म्हणून कोपरे काळे पडतात. वाइड आणि झूममध्ये जास्तच. 85 मिमी किंवा त्याहून लांबच्या प्राइम (झूम नसलेल्या) लेन्स बऱ्याचदा निभावून नेतात.

गोकाकचा धबधबा, राजहंसगड इथं घाई नसते, मॅन्युअल फोकस पुरतो. पण बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्ती या जैन मंदिराचं छत 24 मिमीनं घ्यायला गेलात, तर बहुधा 35 मिमी मोडवर, म्हणजे सेन्सरचा फक्त मधला भाग वापरून, कापावं लागेल. मग एवढा महागडा सेन्सर घेतला कशाला? त्यापेक्षा जुन्या ममिया 645 लेन्स शोधा. त्या मोठ्या फिल्मसाठीच्या, कोपरे आरामात भरतात.

निकॉनच्या जी लेन्सला अपर्चर रिंग नसते, तेव्हा अपर्चरची सोय असलेलाच ॲडॅप्टर घ्या. मेनूत लेन्सशिवाय शूट करायचा पर्याय चालू ठेवा, नाहीतर शटर पडणार नाही. मित्राची सोनी ई लेन्स मात्र मागू नका. तिचं माउंटपासून सेन्सरपर्यंतचं अंतर 18 मिमी, जीएफएक्सचं 26.7, लांबचं फोकसच होणार नाही.