वाचक विचारतात: गाडी घ्या, पण रोम सोडल्यावर

प्रश्न: ताई, नमस्कार. सप्टेंबरात आमच्या लग्नाला दहा वर्षं होतायत, म्हणून आम्ही दोघंच इटलीला निघालोय, पोरं सासूबाईंकडं. रोम, सिएना, फ्लॉरेन्स, पिसा, व्हेनिस, एकूण दहा दिवस. ह्यांचं म्हणणं, रोमच्या एअरपोर्टवरच गाडी भाड्यानं घ्यायची आणि व्हेनिसला सोडायची. पुणे-बेंगलोर हायवेला गाडी चालवलीय तर इटली काय अवघड म्हणतात. मला धाकधूक वाटतीय, पण ट्रेनचं नाव काढलं की तोंड पाडून बसतात. तुम्ही दोघं गाडीनं फिरून आलाय असं कळलं म्हणून विचारतीय.
एक वाचक, राजारामपुरी

उत्तर: घ्या की गाडी, कशाला तोंड पाडायला लावताय! फक्त एअरपोर्टवर घेऊ नका. रोममध्ये तीन दिवस गाडी म्हणजे नुसतं पार्किंग शोधत फिरायचं, तिथं मेट्रो आणि आपले पाय बास. चौथ्या दिवशी रोम सोडताना गाडी ताब्यात घ्या, सिएना करा, आजूबाजूची डोंगरावरची गावं करा, आणि फ्लॉरेन्सला पोचलात की परत देऊन टाका. व्हेनिसला ट्रेननंच जा, दोन-सव्वादोन तास लागतात आणि स्टेशनबाहेर पाऊल टाकलं की समोर कालवाच. गाडी तशीही शहराच्या तोंडाशीच ठेवावी लागते, पुढं होडी नाहीतर पाय. मग व्हेनिसपर्यंत तिचं भाडं कशाला भरायचं?

हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या ह्यांनी फ्लॉरेन्समध्ये गाडी थेट हॉटेलच्या दारात नेली, बॅगा जड होत्या म्हणून. इटलीतल्या बहुतेक जुन्या शहरांच्या मधल्या भागाला झेडटीएल म्हणतात, म्हणजे ठरावीक गाड्यांनाच प्रवेश. लाल कडेची पांढरी गोल पाटी असते आणि कॅमेरा. शेजारी दिव्याच्या पाटीवर लिहिलं होतं 'वार्को अत्तीवो'. हे म्हणाले, अॅक्टिव्ह म्हणजे चालू आहे, घाला आत! चालू असतो तो कॅमेरा ओ, रस्ता नव्हे. आपल्याकडं नवरात्रात महाद्वार रोडला गाडी घातली तर पोलीस शिट्टी तरी मारतो, तिथं कोण काय बोलत नाही, आपण खुशाल आत जातो, रस्ता चुकून बाहेर येतो, परत आत जातो. घरी येऊन सगळं विसरलो होतो, तर काही महिन्यांनी एकाला एक असे तीन दंड आले, कारण कॅमेऱ्याखालून तीनदा गेलो होतो. शिवाय गाडी देणाऱ्या कंपनीनं आमचा पत्ता कळवल्याची फी कार्डावरून आधीच कापलेली, ती वेगळी.

हॉटेल झेडटीएलच्या आत असेल तर निघायच्या आधी त्यांना मेल करून विचारा, गाडीचा नंबर ते नोंदवून देतात का. नाहीतर सरळ बाहेर लावा. रोमकडून ए-वन मोटरवेनं आलात तर फ्लॉरेन्सच्या अलीकडं व्हिला कोस्तांझा म्हणून पार्किंग आहे, तिथं गाडी लावून ट्रामनं वीसेक मिनिटांत शहरात. सिएना पन्हाळ्यासारखं उंचावर आहे, पण गाडी खालीच ठेवायची, काही पार्किंगमधनं वर जायला सरकते जिने आहेत. रस्त्याकडेच्या पांढऱ्या रेघेत पार्किंग फुकट, निळ्या रेघेत पैसे, पिवळ्या रेघेच्या वाटेला जाऊच नका.

आता कागद. आपलं लायसन्स एकटं चालत नाही, आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढा, फी 1000 रुपये, वर्षभर चालतं. परिवहनच्या साइटवर अर्ज होतो. मूळ लायसन्सही बरोबर ठेवायचं. तुम्हीपण चालवता का? मग तुमचंही काढा आणि गाडीच्या करारात दोघांची नावं घाला, थोडे जास्त पैसे जातील. डिपॉझिटसाठी बहुतेक ठिकाणी क्रेडिट कार्डच मागतात आणि ते चालवणाऱ्याच्याच नावाचं लागतं. बुकिंग करताना ऑटोमॅटिक मागा, महाग पडते, तरी मागा. कारण तिथं स्टिअरिंग डावीकडं, गिअर उजव्या हातात आणि रस्ताही उजव्या बाजूनं, आणि पहिला दिवसभर ह्यांनी वळताना इंडिकेटरऐवजी वायपर मारले, कडक उन्हात! तुम्ही बसणार उजवीकडं, जिथं इथं ड्रायव्हर बसतो, त्यामुळं तुमचा पाय आपोआप ब्रेक शोधत राहील, त्याला इलाज नाही.

मोटरवेला 130ची मर्यादा, पावसात 110. आत शिरताना तिकीट घ्यायचं आणि उतरताना पैसे द्यायचे. नुसती पिवळी टेलिपासची लेन म्हणजे आपल्या फास्टॅगसारखी, तिच्यात घुसू नका. पाट्यांवर फ्लॉरेन्सचं फिरेंझे असतं, हे माहीत नसल्यानं आम्ही एक फाटा सोडून पुढं गेलो. पंपावर बेंझिना म्हणजे पेट्रोल आणि गासोलियो म्हणजे डिझेल, 'गॅसोलिन'सारखं वाटतं म्हणून फसू नका.

पिसाला फ्लॉरेन्सहून ट्रेननं तासाभरात जाता येतं. मनोरा बघा, फोटो काढा, परत या. तो वाचलेला अर्धा दिवस मी सांगते तिथं घालवा.

फ्लॉरेन्सच्या कॅशिने बागेत, पार पश्चिमेच्या टोकाला, आपल्या कोल्हापूरच्या राजाराम महाराजांची छत्री आहे. ताराराणींच्या यजमानांची नव्हे, हे दुसरे राजाराम. इंग्लंड बघून परत येताना फ्लॉरेन्समध्ये आजारी पडले आणि 30 नोव्हेंबर 1870 ला गेले, वय अवघं वीस. आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला. पुढं 1874 मध्ये तिथं स्मारक झालं, आणि छत्रीचा आराखडा कुणाचा, तर आपला न्यू पॅलेस आणि टाऊन हॉल ज्यानं केला त्याच मेजर मँटचा. चार खांब, वर घुमट, खाली महाराजांचा फेट्यातला रंगीत अर्धपुतळा. जवळच्या पुलाला तिथले लोक 'इंडियानो'चा पूल म्हणतात. चालायला लांब आहे, पण जा. आम्ही गेलो तेव्हा सायकलवाला एक म्हातारा थांबला, पुतळ्याकडं बोट करून माझ्याकडं बघून काहीतरी म्हणाला. मी म्हटलं, कोल्हापूर. तो हसला आणि गेला. हे तोवर कठड्याला टेकून दोन्ही नद्या कुठं मिळतात ते बघत होते, आणि ट्रिपभरात पहिल्यांदाच फोन त्यांच्या खिशात होता.

प्रश्न: खायला बरोबर काय न्यावं? माझ्या मिस्टरांना तिखटाशिवाय घास जात नाही.
एक वाचक, शाहूपुरी

उत्तर: भडंग आणि कांदा-लसूण चटणी, चटणी दोन पिशव्यांत बांधून. पेढे-बर्फी नको, दुधाचे पदार्थ आणि मांस बाहेरून न्यायला युरोपात बंदी आहे. दुपारनंतर बऱ्याच हॉटेलांची किचनं बंद होतात ती संध्याकाळी सात-साडेसातशिवाय उघडत नाहीत, तेव्हा ते भडंगच कामाला येतं.