काळी पूड हवेत का पेटली?

प्रश्न : सर, मी एम.एस्सी.ला आहे. प्रोजेक्टसाठी मोलिब्डेनम ट्रायऑक्साइड मिथेन आणि हायड्रोजनच्या मिश्रणात ७०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून कार्बाइड, म्हणजे धातू आणि कार्बनचं संयुग, बनवलं; ते उत्प्रेरक म्हणून वापरायचंय. भट्टी थंड झाल्यावर पूड बाहेर काढली, तर ती लाल होऊन धुमसली. एक्सआरडीत (क्ष-किरण पुडीवरून कोणत्या कोनात वळतात ते पाहून पदार्थ ओळखायची चाचणी) २६ अंशांच्या कोनापाशी मोठं शिखर आलंय. कार्बाइड झालंच नव्हतं का?
— एक वाचक, जळगाव

उत्तर : झालं असावं, आणि चांगलं बारीक झालं असावं. भरड पूड अशी पेटत नाही. कारखान्यातल्या हत्यारांचं टंगस्टन कार्बाइड आपण हातात धरतो, कारण ते १४०० अंशांच्या वर बनलेलं, जाड कणांचं असतं. उत्प्रेरकाला, म्हणजे स्वतः न संपता क्रिया वेगाने घडवणाऱ्या पदार्थाला, मात्र जास्त पृष्ठभाग हवा, आणि तो बारीक कणांतच मिळतो; हवेतला ऑक्सिजनही त्याच पृष्ठभागावर झडप घालतो आणि पूड पेटते. पृष्ठभागासाठीच आपण कमी तापमानावर आणि हळू काम करतो. १९७३ मध्ये लेव्ही आणि बुदार यांनी टंगस्टन कार्बाइड उत्प्रेरक म्हणून प्लॅटिनमसारखं वागतं हे दाखवलं, तेव्हापासून सगळी धडपड याच पृष्ठभागासाठी चालली आहे.

२६ अंशांवरचं शिखर मोलिब्डेनम डायऑक्साइडचं. ते दोन कारणांनी येतं : क्रिया अर्धवट राहिली, किंवा कार्बाइड हवेत जळलं. आत्ताच्या नमुन्यावरून हे सांगता येणार नाही, तो फेकून दे. नवा कर. पूड पातळ पसर. तापमान मिनिटाला १ अंश वाढव. लॅब बंद व्हायच्या आत संपवायचं म्हणून १० अंश ठेवणारे विद्यार्थी मी पुष्कळ पाहिलेत. ट्रायऑक्साइड आधी डायऑक्साइड व्हायला वेळ हवा, नाहीतर ७०० च्या आसपास ट्रायऑक्साइडची वाफ होऊ लागते आणि नळीच्या थंड टोकाला पांढरट थर बसतो. मिथेन पाचवा हिस्सा पुरे. जास्त मिथेन किंवा जास्त तापमान म्हणजे काजळी, आणि काजळीखाली झाकलेला उत्प्रेरक काय कामाचा?

आता तुझी राहिलेली पायरी. भट्टी पूर्ण निवल्यावर हायड्रोजन बंद कर, आधी निव्वळ आर्गॉन सोड, मग १ टक्का ऑक्सिजन असलेला आर्गॉन काही तास. पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ थर बसतो, पूड शांत होते. तो थर एक्सआरडीत दिसत नाही. तरीही २६ वर शिखर आलं, तर क्रिया अर्धवट होती असं समज आणि ७०० वर जास्त वेळ ठेव. कार्बाइडची शिखरं ३४.४, ३८ आणि ३९.४ अंशांजवळ दिसली की जमलं. चाचणीआधी मात्र तो थर हायड्रोजनमध्ये तापवून काढायचा, नाहीतर तू कार्बाइडची नव्हे, ऑक्साइडची चाचणी घेशील.